गव्यासाठी कोणती रायफल?

म्हैसूरच्या एनसीसी पोस्टिंगमध्ये माझा बराचसा वेळ फायरिंग रेंजवर जातो. कॅडेट्सच्या हातात .२२ ची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल असते. एक गोळी भरा, बोल्ट पुढे ढकला, खाली वळवा, नेम धरा, चाप ओढा, आणि पुन्हा पहिल्यापासून. इन्सास हाताळलेल्या माणसाला हा प्रकार आधी संथ वाटतो, मग आवडायला लागतो. गेल्या हिवाळ्यात हेग्गडदेवनकोटे तालुक्यातल्या एका कॅडेटने विचारले, "सर, गवा किंवा हत्ती पाडायला केवढी रायफल लागते?" त्याचे गाव जंगलाला लागून आहे, तेव्हा प्रश्न अगदीच हवेतला नव्हता. मी त्याला आधी १९७२ चा वन्यजीव कायदा सांगितला, मग थोडक्यात उत्तर दिले. पण म्हैसूरमध्ये बसून या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देणे म्हणजे विषयावर अन्याय आहे. मोठ्या जनावरासाठी कोणती रायफल घ्यावी याचा खल या शहराच्या आसपास शंभर वर्षे चालला होता. आणि माझ्या मते त्याचा निकाल जनावराच्या आकारावर जितका लागला, त्याहून जास्त सरकारच्या भीतीवर लागला.

सुरुवात जॉर्ज सँडरसनपासून करू. हा गृहस्थ म्हैसूर संस्थानात कालव्यांच्या कामावर होता. १८७३-७४ मध्ये त्याने चामराजनगरच्या बाजूला हत्ती पकडण्याचा खेडा यशस्वी करून दाखवला आणि १८७८ मध्ये आपल्या तेरा वर्षांच्या जंगल-अनुभवावर पुस्तक लिहिले. त्याच्या काळात मोठ्या जनावरासाठी मोठी बंदूक म्हणजे चार बोअर किंवा आठ बोअर. बोअरचा हिशेब आपल्याकडे बारा बोअर वापरणाऱ्यांना ठाऊक असतो: एक पौंड शिशात नळीच्या मापाच्या जितक्या गोळ्या बसतील तितका बोअर. म्हणजे आठ बोअरची एक गोळी जवळपास ५७ ग्रॅमची आणि चार बोअरची त्याच्या दुप्पट. वजन सात-आठ किलो, दारू काळी. बार काढला की समोर धुराचा पडदा आणि खांद्याला गाढवाची लाथ. त्या धुरामागे गवा पडला, पळाला की तुमच्याकडेच येतोय, हे कळायला जे दोन-तीन सेकंद लागत, त्यातच बऱ्याच शिकाऱ्यांचा निकाल लागून जाई.

१८९० च्या दशकात बिनधुराची दारू आली. कॉर्डाइट हे तिचे ब्रिटिश रूप. १८९८ मध्ये लंडनच्या रिग्बीने .४५० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस बाजारात आणले. पाऊण इंचाहून मोठ्या शिशाच्या गोळ्याचे काम आता अर्ध्या इंचाहूनही बारीक, तांब्या-निकेलचे कवच घातलेली गोळी करू लागली. गोळी खोल जाई, धूर नाही, बंदूक पाच किलोच्या आत. भारतातल्या साहेबांनी ती लगेच उचलली.

आणि मग सरकारने ती बंद केली.

कारण शिकारीशी संबंधित नव्हतेच. फौजेची जुनी मार्टिनी-हेन्री रायफलही पॉइंट चारशे पन्नासचीच. अशा हजारो रायफली चोरून, विकून, हरवून वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांकडे गेल्या होत्या. सुदानमध्येही तोच ताप. शिकारीच्या काडतुसातली गोळी काढून मार्टिनीच्या काडतुसात भरता येईल, ही धास्ती. म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारत आणि सुदानमध्ये .४५० च्या रायफली आणि काडतुसे आणण्यावर बंदी आली. लंडनच्या कारागिरांनी काय करावे? त्यांनी नळी केसभर रुंद केली. .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी काडतुसांची एक रांगच उभी राहिली. आज शस्त्रांचे शौकीन या आकड्यांवर तासन्‌तास वाद घालतात. पण .४५० ने न मरणारा आणि .४७० ने मरणारा गवा कोणत्याही जंगलात नव्हता. हे आकडे बंदीच्या पळवाटा आहेत.

फौजी माणसाला यात एक ओळखीचा सूर ऐकू येईल. १८५७ नंतर हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी रायफल देण्याचे धोरण होते. गोऱ्यांकडे मॅगझीनवाली ली-मेटफर्ड आली तेव्हा आपल्या शिपायाच्या हाती मार्टिनी. नागरी जीवनातही तोच न्याय. १८७८ चा हत्यार कायदा आला तेव्हा युरोपियनांना परवान्यातून सूट आणि शेतकऱ्याने पिकाच्या राखणीसाठी अर्ज केला तर फार तर एक ठासणीची बंदूक. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव होत राहिले, ते उगीच नव्हे. वंशावर आधारलेली ती सूट पहिल्या महायुद्धानंतरच गेली. म्हणजे 'कोणती रायफल निवडावी' हा प्रश्नच मुळात मूठभरांना पडू शकत होता. ठासणीवाल्याला निवड नव्हती. त्याच्याबद्दल पुढे लिहितो, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

आता बोल्टकडे वळू. लंडनची जोडनळी रायफल ही हाताने घडवलेली चीज, किंमत राजे-महाराजांना परवडेल अशी. बोल्ट अ‍ॅक्शन मात्र शिपायाचे हत्यार. पॉल माउझरने जर्मन फौजेसाठी १८९८ मध्ये जी रचना पक्की केली ती आजही जगभरच्या शिकारी रायफलींची आई आहे. इंग्रजांना माउझरची किंमत कळली ती दक्षिण आफ्रिकेत, मार खाऊन. १८९९ ते १९०२ च्या युद्धात बोअर शेतकरी ७ मिलिमीटरच्या माउझरने लांबून टिपत आणि खाकीतले सोजीर पडत. (त्या युद्धातले बोअर कैदी आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यातही आणून ठेवले होते.)

म्हैसूरचा या युद्धाशी एक गमतीदार धागा आहे. साधारण १९०० च्या सुमारास डच वंशाच्या युजीन व्हॅन इंगेन यांनी इथे जनावरांच्या कातड्यात पेंढा भरण्याचा कारखाना काढला. 'पेंढा' आपला बोलायचा शब्द, प्रत्यक्षात ते कागदाच्या लगद्याचे साचे वापरत आणि काम इतके जिवंत असे की वाघाच्या जबड्याकडे पाहून आजही माणूस अर्धे पाऊल मागे सरकतो. युजीनसाहेबांनी मुलांची नावे बोथा, द वेट, जूबेर अशी ठेवली. तिन्ही बोअर सेनापती. इंग्रजांच्या मांडलिक संस्थानात राहून इंग्रजांच्या शत्रूंची नावे मुलांना द्यायची, याला हिंमत लागते. यातले जूबेर व्हॅन इंगेन शंभरी ओलांडून २०१३ मध्ये म्हैसूरलाच वारले.

इंग्रजांनी मात्र शत्रूचे हत्यार गुपचूप आपलेसे केले. माउझरचा ब्रिटनमधला व्यवहार रिग्बीकडे होता. रिग्बीने बोअरांचेच ७ मिलिमीटर काडतूस घेतले आणि त्याला इंचातले नाव दिले, .२७५ रिग्बी. जिम कॉर्बेटला चंपावतच्या नरभक्षक वाघिणीबद्दल बक्षीस मिळालेली रायफल हीच. पाठोपाठ रिग्बीच्या आग्रहाने माउझरने लांब काडतुसे बसतील अशी मोठी अ‍ॅक्शन बनवली आणि मोठ्या बोल्ट रायफलींची पिढी उभी राहिली: जेफ्रीची .४०४, रिग्बीची .४१६, आणि १९१२ ची हॉलंड अँड हॉलंडची .३७५ मॅग्नम.

आता आकडे, आपल्या माणसांना समजतील असे. इन्सासची ५.५६ ची गोळी चार ग्रॅमची, नळीतून निघताना ऊर्जा साधारण १,७०० ज्यूल. जुन्या एसएलआरची ७.६२ ची गोळी नऊ ग्रॅमच्या थोडी वर, ३,३०० ज्यूल. .३७५ ची गोळी १९ ग्रॅमची, ५,८०० च्या आसपास. .४१६ रिग्बीची गोळी साडेसव्वीस ग्रॅमची आणि ऊर्जा ६,९०० च्या आसपास. म्हणजे एसएलआरच्या दुप्पट, इन्सासच्या चौपट. ज्यांनी एसएलआरचा खांद्याला बसणारा धक्का खाल्ला आहे त्यांनी कल्पना करावी.

पण ऊर्जा म्हणजे सगळे नव्हे. स्कॉटिश शिकारी 'कारामोजो' बेल याने आफ्रिकेत हजाराच्या आसपास हत्ती पाडले, आणि त्यातले बहुतेक त्याच ७ मिलिमीटरने. त्याने हत्तीच्या कवट्या कापून आतली रचना अभ्यासली होती. हत्तीच्या कपाळाचे हाड मधाच्या पोळ्यासारखे पोकळ आणि जाड, त्यात मेंदू मागे आणि खाली. कुठून पाहिले तर तो कुठे असेल हे बेलला पाठ होते. मात्र बेल मोकळ्या गवताळ रानात मारत होता. म्हैसूरच्या जंगलात बांबू आणि घाणेरी. गवा वीस-पंचवीस पावलांवर असतो आणि तरी दिसत नाही. शिवाय गव्याच्या पाठीवर खांद्यापासून निम्म्या पाठीपर्यंत मणक्यांच्या काट्यांचा उंच कणा असतो. नवशिका त्याला शरीर समजून वरच्या अंगाला नेम धरतो. गोळी आरपार जाते, गवा झाडीत शिरतो. राधानगरी-दाजीपूरला ज्यांनी गवा जवळून पाहिला असेल त्यांना मी काय म्हणतो ते लक्षात येईल. पूर्ण वाढलेला नर टनाच्या घरात जातो.

मग जोडनळी की बोल्ट? जोडनळीवाल्यांचा मुद्दा एकच आणि तो भारी आहे: दुसरी गोळी. बोट मागच्या चापावर सरकवले की बार. आवाज नाही, हालचाल नाही, डोळा नेमावरून हलत नाही. बोल्ट उचला, मागे ओढा, पुढे ढकला, बसवा, यात सरावलेल्या हातालाही सेकंद-दीड सेकंद जातो, आणि मागून येणारा गवा तेवढ्या वेळात अंगावर असतो.

तरीही मी बोल्ट घेतली असती, आणि कारणे पलटणीतली आहेत. एक, माउझरच्या बोल्टवरचा लांब पंजा मॅगझीनमधून सुटताच काडतुसाचा काठ पकडतो आणि ते बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. घाबरलेल्या माणसाने बोल्ट अर्धवट चालवला, रायफल वाकडी धरली, तरी दोन काडतुसे एकमेकांत अडकत नाहीत. घाबरलेल्या माणसाचा विचार करून बनवलेले हत्यार हेच चांगले हत्यार. दोन, जोडनळीच्या दोन्ही नळ्या एका ठरावीक काडतुसाने एकाच जागी मारतील अशा जुळवून झाळलेल्या असतात. काडतूस बदलले की दोघींचे पटत नाही. तीन, मॅगझीनमध्ये तीन-चार गोळ्या. आणि चौथे सर्वांत मोठे: जोडनळीच्या किमतीच्या एका अंशात बोल्ट मिळे, आणि उरलेल्या पैशात सरावाची काडतुसे येत. पहिल्या महायुद्धाआधीचा शिपाई ली-एनफील्डने मिनिटात पंधरा नेमके बार तीनशे यार्डांवर टाकी. तो जन्मतः तसा नव्हता, त्याला तेवढे घासले होते.

.४१६ आणि .४०४ ची काडतुसे गरजेपेक्षा मोठी का, हा प्रश्नही इथल्या हवामानाने सोडवला. कॉर्डाइट तापले की जास्त जोर करते. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या काडतुसाचा दाब वाढतो, पितळी कोठी नळीत घट्ट बसते आणि नेमक्या वेळी बोल्ट उघडत नाही. म्हणून कोठी ऐसपैस ठेवून दाब मुद्दाम कमी राखला होता. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात रेंज घेतलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

गोळीच्या टोकाबद्दलही दोन शब्द. हत्तीला पूर्ण कवचाची, न पसरणारी गोळी लागते. वाघाला उघड्या टोकाची, आत जाऊन फुलणारी. ही फुलणारी गोळी आपल्याच कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात प्रसिद्ध झाली आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात निषिद्ध ठरली. माणसावर जी क्रूर म्हणून वर्ज्य, तीच वाघावर दयाळू. कारण शिकारीत एकच पाप सर्वमान्य आहे, जनावर जखमी करून सोडणे.

आणि आता ठासणीवाल्याकडे येतो. कॉर्बेटच्या चंपावतच्या वाघिणीने, त्याच्याच आकड्यांप्रमाणे, नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसे मारली. तिला मारल्यावर दिसले की उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते, जुन्या बंदुकीच्या गोळीने. नैसर्गिक शिकार तिला पकडताच येत नव्हती. ती गोळी कोणी झाडली हे कधी कळले नाही. पण जखमी करून सोडलेल्या एका जनावराचा हिशेब असा झाला. म्हैसूर आणि सालेमच्या जंगलांवर लिहिणाऱ्या केनेथ अँडरसनच्या गोष्टीही याच वळणाने जातात. (त्याची .४०५ विंचेस्टर ना जोडनळी ना बोल्ट, खाली-वर करायच्या लीव्हरची होती. त्याने तिच्यावर जीव टाकला, मी टाकला नसता.) शेतावर येणाऱ्या हत्तीवर राखणदार ठासणीतून छर्रे, खिळे, मिळेल ते झाडतो. हत्ती मरत नाही. जखम चिघळते, आणि सहा महिन्यांनी तोच हत्ती रस्त्यावरच्या बैलगाडीवर धावून येतो.

मला यात शेतकऱ्याचा दोष दिसत नाही. त्याला दुसरे हत्यार मिळणारच नव्हते. फ्रंटियरवर गोळीबार होऊ नये म्हणून केलेल्या कायद्यांची किंमत कुठल्या कुठे वसूल झाली, एवढेच दिसते. लंडनमध्ये .४६५ चांगली की .४७०, यावर चर्चा रंगत असताना इथे जंगलाकाठी जी बंदूक सर्वांत जास्त वापरात होती ती मोठ्या जनावरासाठी सर्वांत वाईट होती. चुकलेल्या गोळीनंतर साहेब हत्तीवर बसून मुक्कामाला जाई. सकाळी सरपण आणायला बाई जाई.

स्वातंत्र्यानंतर चित्र उलटले, पण सुधारले नाही. .३०३ फौजी माप म्हणून सामान्यांना बंद राहिली, तेव्हा आपल्या आयुधनिर्माण्यांनी .३१५ ची बोल्ट स्पोर्टिंग रायफल काढली. रचना बरीचशी ली-एनफील्डची, काडतूस जुने ऑस्ट्रियन ८ मिलिमीटर. पुन्हा तेच, माप जनावराने नव्हे, कायद्याने ठरवलेले. रायफल मात्र भरवशाची, आणि परवाना मिळाला की परवडणारी. तिच्या जोडीला युद्धातून उरलेली जीप आणि तिच्यावरचा झोताचा दिवा. सँडरसनला महिनाभर पायपीट करून जे साधे, ते आता रात्रीत चार-दोन तासांत होऊ लागले. शिकार-कंपन्या परदेशी पाहुण्यांना हमखास वाघ देऊ लागल्या. व्हॅन इंगेन यांच्या कारखान्याच्या वह्यांमध्ये एकूण नोंदी चाळीस हजारांच्या वर आहेत. काम जोरात असताना वर्षाला चारशेच्या आसपास वाघ-बिबटे त्यांच्या दारात येत. एका शहरातला एक कारखाना. हा आकडा वाचल्यावर मी काही वेळ पुढचे पान उलटले नाही. चांगल्या रायफलीने जखमी जनावरे कमी झाली असतील, पण जनावरेही कमी झाली.

१९७० मध्ये वाघाची शिकार देशभर बंद झाली, १९७२ मध्ये कायदा आला. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाची पहिली नऊ जंगले ठरली, त्यात आपला मेळघाट होता आणि म्हैसूर महाराजांचे शिकारीचे रान असलेले बंदीपूरही. काकनकोटेचा शेवटचा खेडा १९७१ मध्ये झाला. पुढे काबिनीच्या धरणाचे पाणी त्या रानात चढले. कायद्याने एक फट ठेवली आहे: माणसाच्या जिवाला धोका झालेले जनावर मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी हुकमाने मारता येते. यवतमाळ जिल्ह्यातली टी-१ वाघीण मारण्याचा हुकूम याच तरतुदीखाली निघाला, आणि २०१८ च्या नोव्हेंबरात ती रात्री मारली गेल्यावर किती वादळ उठले ते वाचकांना आठवत असेल.

मोठ्या रायफलींचे काय झाले? कायद्याच्या आधीच त्यांची भूक मारली गेली होती. इंग्लंडच्या कायनॉक कंपनीने मोठ्या मापांची काडतुसे बनवणे १९६० च्या दशकात आटोपते घेतले. साम्राज्य गेले, गिऱ्हाईक गेले. वाड्यांमधल्या रिग्बी आणि वेस्टली रिचर्ड्‌स तेल लावून कपाटात उभ्या राहिल्या, परवान्याचे नूतनीकरण तेवढे होत राहिले. जुनी कॉर्डाइटची काडतुसे ओलीने खराब झाली. व्हॅन इंगेन यांचा कारखाना १९९९ मध्ये बंद पडला. .४१६ रिग्बी मात्र मेली नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन कारखान्यांनी तिची काडतुसे पुन्हा बनवायला घेतली, आता थंड स्वभावाच्या नव्या दारूची, आणि ती आफ्रिकेतल्या परवानाधारक शिकाऱ्यांकडे जातात. आतली ऐसपैस कोठी अजून तीच आहे, कॉर्डाइट आणि आपल्या उन्हाळ्यासाठी मापलेली.